उतार रिकामा करण्याची मुदत

२८ ऑगस्ट २०२४. उतारावरून हलवलेले सरडे तीनशे चाळीस, उरलेले अज्ञात. उताराच्या माथ्यावर माणसे अकरा.

हा उतार पूर्व जर्मनीतल्या लाउसित्स भागात, वोस्लावित्स गावाखाली आहे. गाव म्हणावे इतके आता तिथे काही राहिलेले नाही. उघड्या खाणीने कित्येक दशके तिथून तपकिरी कोळसा उकरला, आणि त्या उकरण्यात चर्च गेले, शाळा गेली, दोन गल्ल्या सोडून सगळी वस्ती गेली. खड्ड्याच्या काठावर सहा घरे उरली. ती कुणाच्या दयेने उरली नाहीत. कोळशाचा थर तिथे संपला म्हणून उरली. नव्वदच्या दशकात खाण बंद झाली, पाणी उपसणारे पंप थांबले आणि खड्ड्यात भूजल हळूहळू चढू लागले. खड्ड्याचे तळे होत गेले. मात्र त्याचा गावाकडचा उतार खाणीतून काढून टाकलेल्या सैल वाळूचा होता, आणि अशी वाळू पायथ्यापासून भिजली की जागची राहत नाही, वाहू लागते. म्हणून पायथ्याशी दगडमातीचा भराव घालून उताराला टेकू द्यावा, वर माती पसरून झाडे लावावीत आणि हे काम ३१ डिसेंबर २०२४ पूर्वी पूर्ण करावे, असा खाण-प्राधिकरणाचा आदेश होता. काम एका कंपनीकडे होते. मुदतीची तारीख कंपनीला नऊ वर्षांपासून ठाऊक होती.

दरम्यानच्या काळात उताराकडे कुणी फिरकत नव्हते, तेव्हा तिथे सरडे आले. वीतभर लांबीचे, तपकिरी, पाठीवर ठिपक्यांची रांग असलेले हे सरडे युरोपातल्या कायद्याने संरक्षित आहेत. ते असलेल्या जागेवर यंत्र चालवणे हा गुन्हा ठरतो. आधी उताराभोवती प्लॅस्टिकचे बुटके कुंपण घालायचे, कुंपणाच्या आतून जमिनीत बादल्या पुरायच्या, त्यांत पडलेले आणि हाताने पकडलेले सरडे दुसऱ्या जागी नेऊन सोडायचे. मग उबदार, कोरड्या हवेत लागोपाठ तीन फेऱ्या मारायच्या. तिन्ही फेऱ्यांत एकही सरडा दिसला नाही, तरच जाणकार व्यक्तीने उतार रिकामा झाल्याचे लिहून द्यायचे आणि त्यानंतरच डोझर आत यायचा. एखादा जरी दिसला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबर सरला की सरडे जमिनीत शिरतात आणि एप्रिलपर्यंत दिसत नाहीत. तेव्हा डिसेंबरची मुदत पाळायची असेल, तर उतार सप्टेंबरमध्येच रिकामा व्हायला हवा होता. दोन वर्षे आधी कुंपण घाला, असे कंपनीला सांगितले गेले होते. कंपनीने ते २०२४ च्या मार्चमध्ये घातले.

जाणकार व्यक्ती म्हणून तिथे नेमलेली बाई धम्मदीपा ताकसांडे होती.

वय अडतीस. जन्म चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठच्या मुरपाटी गावात. हे गाव आज नकाशावर सापडत नाही, कारण तिथेही खाली कोळसा निघाला. ती आठ वर्षांची असताना एका दिवसात ट्रकमध्ये संसार भरून तिच्या आईने गाव सोडले. नवी वसाहत मुरमाड माळावर होती. बुद्धविहाराची जागा नकाशात आखली होती. ते विहार लोकांनी पुढे स्वतः वर्गणी काढून बांधले. धम्मदीपा नागपुरात प्राणिशास्त्र शिकली, शिष्यवृत्तीवर जर्मनीत आली, हाले शहरातल्या विद्यापीठात सरपटणाऱ्या प्राण्यांवर पीएचडी केली आणि त्यानंतर एका लहान पर्यावरण संस्थेत वर्ष-दीड वर्षाच्या करारांवर काम करत राहिली. नवरा उज्ज्वल रेगेन्सबर्गच्या मोटारकारखान्यात इंजिनिअर. महिन्यातले दोन शनिवार-रविवार दोघे एकत्र असत. उरलेले दिवस ती जवळच्या कॉटबुस शहरात एका खोलीत राहून रोज पहाटे वोस्लावित्सला जात असे.

तिला सरड्यांविषयी विशेष माया होती असे समजण्याचे कारण नाही. मुक्या जिवाला त्याच्या जागेवरून उठवायचे तर जागा मागणाऱ्याने आधी कष्ट घ्यावेत, हा नियम तिला न्याय्य वाटे. तो माणसांना का लागू होत नाही, हा प्रश्न तिने सोडून दिलेला नव्हता. पण तो विचारायचा कुणाला, हे तिला त्या उतारावर उभे असताना ठरवता येत नव्हते.

वोस्लावित्सच्या लोकांच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. त्यांच्या घरांखालचा उतार सुधारायचा होता आणि ही परदेशी बाई तो सुधारू देत नव्हती. जूनमध्ये तिच्या बादल्यांवर कुणीतरी झाकणे ठोकली. जुलैमध्ये कुंपणाला पाटी लागली: ‘सरड्यांची वसाहत. माणसांनी आपापली सोय पाहावी.’ ऑगस्टमध्ये गाडीच्या काचेवर अंडी फुटली. संस्थेने पोलिसांत जायला सांगितले. ती गेली नाही. तक्रार कुणाविरुद्ध करायची, तर अकरा जणांविरुद्ध.

त्या अकरांत मारिओ लेनिक होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कंपनीचा डोझरचालक. तो राहायचाही वरच्याच एका घरात. म्हणजे ज्या उतारावर काम करण्यासाठी तो पगार घेत होता, त्याच उताराच्या डोक्यावर त्याची खाट होती. त्याचा डोझर मार्चपासून पायथ्याशी उभा होता. रोज सकाळी तो कॅबिनच्या पायरीवर बसून तिची वाट पाहायचा.

“सुप्रभात, डॉक्टरीणबाई. आज किती रुग्ण?”

“चार.”

“तब्येत बरी आहे ना त्यांची? प्रवासात त्रास नाही ना झाला?”

“तुमच्या विनोदाचा झाला असेल तर झाला.”

“मला विनोद करायचे पैसे मिळतात सध्या. यंत्र तर तुम्ही चालवू देत नाही.”

वरच्या शेवटच्या घरात हान्का नोआक राहायची. एकोणऐंशी वर्षांची, सोर्ब समाजातली. जर्मनीतला हा जुना स्लाव्ह समाज पिढ्यान्‌पिढ्या याच भागात आहे आणि त्याची कित्येक गावे खाणींनी गिळली आहेत. तिच्या परसाचे कुंपण आणि धम्मदीपाचे प्लॅस्टिकचे कुंपण एका ठिकाणी जवळजवळ टेकत. म्हातारी तिथे उभी राहून बोलायची. त्या बोलण्यात आपुलकी नसे, पण ते रोज होई.

“आज कुणाला वाचवलंस?”

“एक मादी, दोन पिल्लं.”

“चर्च खोदलं तेव्हा चिमण्यांची घरटी होती घंटेच्या मनोऱ्यात. त्या वेळी तू कुठे होतीस?”

“भारतात. आमचं गाव खोदत होते.”

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिले. मग म्हणाली, “चर्च पाडणारं यंत्र माझा नवरा चालवायचा. आदल्या रविवारी आम्ही दोघं तिथेच प्रार्थनेला बसलो होतो. तेव्हा माझ्यासमोर गाव गमावल्याचं दुःख मिरवू नकोस. ते करणारी माणसं माझ्याच ताटात जेवली आहेत.”

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा कोरडी झाली. पहिली फेरी रिकामी गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या फेरीला लेनिक तिच्या मागोमाग कुंपणाबाहेरून चालत होता. उतार जवळजवळ संपला होता. शेवटच्या टप्प्यात, तापलेल्या एका सपाट दगडावर, काडीच्या लांबीचे एक पिल्लू ऊन खात पडलेले दिसले.

ऑगस्टअखेर सरड्यांची अंडी फुटून पिल्ले निघतात. असे होऊ शकते, हे ती मार्चपासून लिहीत आली होती.

“मी काही पाहिलं नाही,” लेनिक म्हणाला.

ती दगडाजवळ उकिडवी बसली.

“आणि तूही पाहिलं नाहीस. पाठ वळव. मी ते उचलून तिकडे टाकतो. मारत नाही, फक्त टाकतो.”

“एक दिसलं म्हणजे आणखी आहेत.”

“माझी बायको रात्री उठून भिंतीला कान लावते! कळतंय का तुला? कान लावते!”

“मग हे तुमच्या कंपनीला सांगा.”

“कंपनी म्हणते, तुला सांग.”

तिने पिल्लू ओंजळीत धरून डब्यात ठेवले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार असल्याचे फोनवरून कळवले. लेनिकने पायाने वाळू उडवली. ती तिच्या तोंडापर्यंत आली. तिने चेहरा पुसला आणि पुढची बादली पाहायला गेली.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या कॉटबुस कार्यालयातून कुमार देवस्थळी आला. कामांच्या तारखा जुळवून मुदती पाळल्या जात आहेत की नाहीत, हे पाहणे त्याचे काम. पुण्याचा, बेचाळीस वर्षांचा, स्वच्छ बूट घातलेला. उताराच्या कडेला उभे राहून तो आधी बूट पाहत होता.

“ताकसांडे मॅडम, नमस्कार! मराठीतच बोलू या ना. इथे बोलायला मिळतं कुठे?”

“बोला.”

“मूळच्या कुठल्या तुम्ही?”

“चंद्रपूर.”

“अच्छा, अच्छा. ताकसांडे… हां. म्हणजे स्कॉलरशिपवर वगैरे आलात का?”

“हो. तुम्ही वडिलांच्या पैशांवर आलात का?”

तो हसला, पण थोडा उशिराने. “नाही, नाही, तसं नाही म्हणत मी. आल्झो, म्हणजे, सिच्युएशन अशी आहे. माझ्या शेड्यूलमध्ये सगळ्या लाइन्स ग्रीन आहेत. एकच रेड. ती तुमची.”

“माझी लाइन दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी होती. तेव्हा ती कुठल्या रंगाची होती?”

“हो, हो, ते जुनं झालं. आता प्रॅक्टिकल बोलू. एक पिल्लू, मॅडम. बोटाएवढं. तुम्ही रिकामं म्हणालात तर कोण येऊन बघणार आहे? आपण मराठी माणसांनी परदेशात एकमेकांना थोडं सांभाळून घ्यायला नको का?”

“तुम्हाला घाई असेल तर कायद्यात सरळ वाट आहे. माणसांच्या जिवाला धोका असेल, तर सरड्यांसाठी थांबावं लागत नाही. उद्या परवानगी मागा, परवा डोझर लावा. मला खोटं लिहायला सांगू नका.”

कुमारने डोके हलवले. एखाद्या हुशार पण व्यवहार न कळणाऱ्या विद्यार्थ्याला समजावावे तसा तो बोलू लागला. “आणि परवानगी मागताना काय लिहायचं? ‘गेफार’? धोका? अहो, तो शब्द एकदा लिहिला ना, की वरची अकरा माणसं त्याच आठवड्यात बाहेर काढावी लागतात. त्यांची राहायची सोय करा, घरांचं काय ते बघा, मग त्यांचे वकील, मग पेपरवाले. कोण करणार हे सगळं? त्यापेक्षा सरडे बरे. सरडे कोर्टात जात नाहीत.”

“म्हणजे धोका आहे.”

“मी इंजिनिअर नाही हो. मी टेर्मिन बघतो, तारखा.”

तो गेल्यावर ती त्या सपाट दगडाशी बसली. उन्हाळाभर तिच्यावर आलेली अंडी, वाळू आणि शिव्या कुठून येत होत्या, हे तिला आता समजले. कंपनीने दोन उन्हाळे वाया घालवले होते आणि त्याचे खापर फोडण्यासाठी तिला पगारी जागा मिळाली होती. लोकांना उतार सुरक्षित हवा होता. कंपनी त्यांना सांगत होती की सरडे आणि ही भारतीय बाई आड येत आहेत. दोन्हींपैकी कुणीच उलट उत्तर देणार नव्हते. सरड्यांना ते येत नव्हते, आणि बाईचा करार डिसेंबरमध्ये संपत होता.

त्या रात्री आईचा, मीराबाईचा, फोन आला. ती आता चंद्रपूरला धम्मदीपाच्या भावाकडे राहते.

“काय करून रायली वं?”

“जेवून बसली, माय.”

“संपले का तुह्ये सरडे?”

“नाई संपले. पिल्लं निघून रायले.”

“अन् मंग तीनदा जाऊन पायतात म्हन्ते, एखांदा मांगं तं नाई रायला?”

“हो. तीनदा.”

“आपल्या घरी तं एकदाच आले होते बापा. तेबी पायाले नाई, पाडाले.” मीराबाई हसली. “जन्म-बिन्म आपन मानत नाई, नाईतं म्हटलं असतं, पुढच्या खेपी जर्मनीतला सरडा कर.”

धम्मदीपालाही हसू आले. मग तिने कुमारचे बोलणे आईला सांगितले. आईने ते पुन्हा एकदा सांगायला लावले.

“म्हंजे घर पडनार हाये हे त्यायले मालूम हाये, अन् घरवाल्यायले सांगत नाई?”

“हो.”

“आमाले धोका हाये म्हनून नाई उठवलं. कोळसा हाये म्हनून उठवलं. हे तं धोका असून बसवून रायले. तू काय करतं मंग?”

“मंगळवारी गावाची सभा हाय.”

सभा अग्निशमन दलाच्या शेडमध्ये झाली. पाण्याचा बंब बाहेर काढून त्याच्या जागी खुर्च्या मांडल्या होत्या. अकरांपैकी दहा जण आले होते, शेजारच्या गावांतले तीस-चाळीस, आणि मागच्या रांगेत खाण-प्राधिकरणाचा एक अधिकारी. समोर टेबलाशी कंपनीच्या प्रकल्पप्रमुख बाई आणि त्यांच्या शेजारी कुमार. धम्मदीपाला टेबलाच्या टोकाला, वेगळी खुर्ची दिली होती. सगळ्यांना ती नीट दिसेल अशी.

प्रकल्पप्रमुख बाईंनी पडद्यावर तारखा दाखवल्या. सगळे तयार आहे, यंत्रे तयार आहेत, माणसे तयार आहेत. दुर्दैवाने प्राणिसंरक्षणाच्या अटींमुळे मुदत हुकण्याची शक्यता आहे, त्याबद्दल कंपनीला खेद आहे. इतके बोलून त्यांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिले, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“त्या बाईला विचारा, सरड्यांना मतदानाचा हक्क कधी मिळणार!” कुणीतरी ओरडले.

“तिच्या देशात गायी, इथे सरडे!”

हसण्याचा लोट उसळला. हसणाऱ्यांत कुमार नव्हता. तो मोबाइल पाहत होता.

धम्मदीपा उभी राहिली. तिचे जर्मन चांगले होते, आणि त्या दिवशी तिने सावकाश बोलायचे ठरवले होते.

“आमच्या घरी गाय नव्हती. मला एकच गोष्ट सांगायची आहे. उताराचा माणसांना धोका असेल, तर कायदा सरड्यांसाठी थांबायला सांगत नाही. कंपनीने तसं म्हणायचं, आणि परवानगी मिळते. या आठवड्यात मिळते. मार्चमध्येही मिळाली असती.” ती प्रकल्पप्रमुख बाईंकडे वळली. “उतार सुरक्षित आहे का?”

“आमच्या मूल्यमापनानुसार उतार सध्या स्थिर आहे.”

“मग एप्रिलपर्यंत थांबायला हरकत नाही. लोकांना तसं सांगा.”

“पायथ्याचं पाणी वाढतं आहे, त्यामुळे मुदतीत काम होणं…”

“मग तो स्थिर नाही. तसंही सांगा. दोन्हींपैकी एक खरं आहे. धोका हा शब्द वापरला तर अकरा माणसांना हलवावं लागेल, म्हणून तुम्ही तो वापरत नाही. हे मला तुमच्याच माणसाने सांगितलं आहे. तो तुमच्या शेजारी बसला आहे.”

“अहो, काय बोलताय तुम्ही!” कुमार मराठीत ओरडला. पन्नास जर्मनांच्या त्या शेडमध्ये हे वाक्य कुणालाच कळले नाही, आणि सगळ्यांना कळले.

लेनिक उठला. “एक मिनिट. तिथे मी यंत्र चालवणार आहे आणि तिथेच मी झोपतो. तो घसरणार आहे की नाही?”

“काही उर्वरित जोखीम प्रत्येक…”

“मी हो की नाही विचारलं.”

प्रकल्पप्रमुख बाईंनी पाण्याचा पेला उचलला. मागच्या रांगेतला अधिकारी, जो इतका वेळ स्वस्थ बसून होता, त्याने जाकीट अंगात चढवले आणि फोन काढून बाहेर गेला. ऐकले नव्हते असे म्हणण्याची सोय त्याला आता राहिली नव्हती.

सभा मोडली. कुमारने तिला गाडीपाशी गाठले.

“काय मिळवलंत? माझी नोकरी घालवलीत, तुमची घालवलीत. तुम्हा लोकांना ना, सिस्टीमबद्दल एक रागच असतो.”

“तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला?”

तो अडखळला. “म्हणजे… विदर्भातल्या.”

“गेनाऊ. अगदी बरोबर,” ती म्हणाली आणि गाडीचे दार उघडले.

दाराच्या पलीकडे हान्का नोआक उभी होती. धम्मदीपाला वाटले, म्हातारी हात मिळवायला आली आहे.

“किती महिने माझ्या कुंपणाशी उभी राहतेस तू?”

“सहा.”

“रोज बोलतेस. पाऊस, सरडे, तुझं गाव. हे का नाही बोललीस?”

“मला मागच्याच आठवड्यात कळलं.”

“मागच्या आठवड्यात माझं दार कुठे गेलं होतं?”

धम्मदीपाने उघडलेले दार लोटून घेतले.

“आम्हाला ठाऊक नव्हतं असं वाटलं तुला? माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत बोट जातं. मारिओची बायको रात्री उठून बसते. आम्ही सगळे जाणून आहोत आणि आम्ही सगळे गप्प आहोत, कारण तो शब्द उच्चारला की घर जातं. मी एकोणऐंशी वर्षांची आहे. उतार आधी घसरला असता की मी आधी गेले असते, हे आमच्या दोघांत ठरायचं होतं. तू मध्ये पडलीस. पन्नास लोकांसमोर माझ्या घराविषयी बोललीस आणि मला विचारलंही नाहीस.”

“ते खोटं बोलत होते.”

“हो. आणि तू खरं बोललीस. आवरायला मला आता किती वेळ मिळेल, ते सांग.”

त्यांना एक दुपार मिळाली. प्राधिकरणाने आठवड्याभरात मोजमापे घेतली, वाळू पायथ्याशी भिजल्याचे जाहीर केले आणि सहा घरांचा परिसर बंद केला. अकराही जणांना शहरातल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये हलवण्यात आले. ट्रक कंपनीनेच पाठवले. कामासाठी तातडीची परवानगी त्याच पत्रात होती. सरडे पकडण्याची अट तीत नव्हती. धम्मदीपाला कुंपण आणि बादल्या काढून न्यायला सांगण्यात आले.

ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी लेनिकने डोझर सुरू केला. ती शेवटच्या बादल्या गाडीत भरत होती. जमिनीत किती सरडे शिरले होते, ते कुणालाच माहीत नव्हते, आणि आता माहीत होण्याची शक्यताही उरली नव्हती. डोझर उताराच्या पायथ्यापासून काम करत वर गेला. त्याचा चालक रोज संध्याकाळी शहरातल्या फ्लॅटवर झोपायला जाई.

डिसेंबरमध्ये, मुदतीच्या आत, भराव पूर्ण झाला. प्रकल्पप्रमुख बाईंनी एक ओकचे रोप लावले. वृत्तपत्रात छायाचित्र आले. संस्थेने धम्मदीपाचा करार वाढवला नाही. कारण म्हणून कामे कमी झाल्याचे सांगितले, आणि ते अंशतः खरेही होते. ती रेगेन्सबर्गला उज्ज्वलकडे राहायला गेली. कुमारची नोकरी गेली नाही. मुदत पाळली गेली होती.

कुमारविषयी राग बाळगणे सोपे आहे आणि तो बाळगावाही. पण तेवढ्यावर थांबले तर या हकिकतीतला अवघड भाग सुटतो. धम्मदीपाचे वाक्य खरे होते. ते बोलले गेले नसते तर कदाचित अकरा माणसे वाळूखाली गेली असती. भिजलेल्या वाळूची मोजमापे तेच सांगतात. तरीही ते वाक्य ज्यांच्याविषयी होते त्यांना ते सर्वांबरोबर, खुर्चीवर बसून, पाहुण्यांसमोर ऐकावे लागले. त्यांच्या घरांचा निकाल दुसऱ्यांच्या भांडणात लागला. जाणकार माणूस न्यायाच्या बाजूने उभा राहतो तेव्हाही न्याय ज्यांना हवा आहे त्यांच्या दारावर थाप मारायला तो विसरू शकतो, आणि त्या विसरण्याचा त्रास त्याला स्वतःला होत नाही.

हान्कानंतर हेच तिला आईने सांगितले. सगळी हकिकत ऐकून मीराबाईने फोनवर एकच गोष्ट विचारली.

“त्या बुढीले विचारलं होतं का तू?”

“नाई, माय.”

“आमालेबी कोनी विचारलं नोतं,” मीराबाई म्हणाली. “चांगलं काम केलं तू. पन विचाराचं होतं.”

मार्चमध्ये धम्मदीपा हान्का नोआकला भेटायला गेली. फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. तिने खालची घंटा वाजवली. घंटेशेजारच्या इंटरकॉमच्या जाळीतून आवाज आला.

“कोण?”

“ताकसांडे.”

“सरडेवाली?”

“हो. मला तुमच्याशी बोलायचं होतं. तेव्हा आधी तुमच्याकडे यायला हवं होतं.”

जाळीत घरघर होत राहिली. मग म्हातारी म्हणाली, “आता इथे येऊन काय विचारणार आहेस? इथलं काहीच माझं नाही.”

“वर येऊ का?”

“नको,” ती म्हणाली, आणि आवाज बंद झाला.

धम्मदीपा फुटपाथवरून वळली. तिथून स्टेशन जवळ होते. ती चालत गेली आणि रेगेन्सबर्गची गाडी पकडली.

वोस्लावित्सच्या परिसरावरची बंदी आदेशात तात्पुरती म्हणून नोंदलेली आहे. भराव झाला तरी ती उठलेली नाही, आणि उठण्याची तारीखही दिलेली नाही. तात्पुरत्या बंदीत घर गमावले असे कायदा धरत नाही. म्हणून सहाही घरे आज मालकांच्याच नावावर आहेत, त्यांत कुणी राहत नाही, आणि त्यांची भरपाई कुणालाच मिळालेली नाही.